‘एम’मधला खुनी नेमका कोणी शोधला?

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीने नुकताच दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ हा चित्रपट दाखवला. बर्लिनमध्ये लहान मुलींचे खून करणाऱ्या माणसाला पोलीसही शोधतात आणि शहरातले गुन्हेगारही, असे त्याचे कथानक आहे. निवेदकांनी त्याला ‘फिल्म न्वार’ म्हटले. पण न्वार म्हणजे चाळीसच्या दशकातले, काळोख्या वातावरणाचे अमेरिकी गुन्हेपट, असे मी वाचले आहे. शिवाय खुनी सापडतो तो गुन्हेगारांना. मग याला पोलीस तपासाचा चित्रपट कसे म्हणायचे?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : पहिल्या शंकेपुरते तुमचे वाचन बरोबर आहे. युद्धानंतर पॅरिसमध्ये पोहोचलेल्या अमेरिकी चित्रपटांविषयी लिहिताना फ्रेंच समीक्षक निनो फ्रँक यांनी १९४६ साली ‘न्वार’ हा शब्द वापरला, आणि ‘एम’ बर्लिनमध्ये प्रथम दाखवला गेला तो ११ मे १९३१ रोजी. मात्र १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आल्यानंतर लांग आणि खुन्याची भूमिका करणारे पीटर लॉरे या दोघांनीही जर्मनी सोडली, पुढे दोघेही हॉलीवूडमध्ये काम करू लागले, आणि अंधारे जिने, भिंतीवर आधी पडणारी सावली, माणसाला गिळणारे शहर ही सगळी भाषा अशाच स्थलांतरितांबरोबर तिकडे गेली. म्हणून ‘एम’ला न्वारचा पूर्वज म्हणणे मला अधिक योग्य वाटते. १९५१ साली जोसेफ लोझी यांनी लॉस एंजेलिसमध्ये याच कथेवर पुन्हा चित्रपट केला, त्याचे निर्मातेही मूळ चित्रपटाचेच, सेमूर नेबेन्झाल होते.

दुसरी शंका अधिक महत्त्वाची आहे, कारण हा चित्रपट आठवताना बहुतेक प्रेक्षकांकडून पोलिसांवर अन्याय होतो. भिकाऱ्यांची पहारेकऱ्यांसारखी केलेली नेमणूक, आंधळ्या फुगेवाल्याने ओळखलेली शीळ, तळहातावर खडूने काढून खुन्याच्या कोटावर उमटवलेले ‘एम’ हे अक्षर हे सारे इतके ठसठशीत आहे की त्यापुढे इन्स्पेक्टर लोहमान यांचे काम फिके वाटते. तरीही लोहमान यांची माणसे खुनी हान्स बेकर्टपर्यंत स्वतंत्रपणे पोहोचलेली असतात. निरुपद्रवी ठरवून सोडून दिलेल्या मनोरुग्णांची यादी मागवायची आणि त्यांतल्या एकेकाच्या बिऱ्हाडी जायचे, असा तो कंटाळवाणा मार्ग आहे. बेकर्ट बाहेर गेलेला असताना एक साधा पोलीस त्याच्या भाड्याच्या खोलीत येतो. खुन्याने वर्तमानपत्राला पाठवलेले पत्र खडबडीत लाकडावर ठेवून लिहिलेले होते, असे पोलिसांना कागदावरून कळलेले असते. पण खोलीतले टेबल तसे नसते. तो कचऱ्याच्या टोपलीतल्या वस्तूंची नोंद करून परततो. त्या नोंदीत ‘अ‍ॅरिस्टन’ सिगारेटचे पाकीट असते, आणि एका खुनाच्या जागी त्याच सिगारेटची थोटके सापडली होती, हे लोहमान यांना आठवते. पोलीस पुन्हा त्या खोलीत जातात, तेव्हा खिडकीच्या लाकडी कट्ट्यावर लिखाणाच्या खुणा आणि लाल पेन्सिलीचा भुसा मिळतो.

पोलीस खोलीत दबा धरून बसतात आणि बेकर्ट परत येत नाही, कारण त्याच वेळी गुन्हेगारांची माणसे त्याच्या मागावर असतात. पुढे बंद पडलेल्या मद्यनिर्मितीच्या कारखान्यात गुन्हेगार त्याच्यावर खटला चालवतात, आणि आतल्या शक्तीपुढे आपले काही चालत नाही असा आक्रोश करणाऱ्या बेकर्टला तिथेच ठार मारायला निघतात. तेवढ्यात पोलीस येतात, सगळ्यांचे हात वर जातात, आणि बेकर्टच्या खांद्यावर कायद्याचा हात पडतो. या हातामुळेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर मी ठामपणे देऊ शकतो. शोधणे दोघांनाही जमले, पण त्या माणसाला न्यायाधीशांसमोर उभे करण्याची जबाबदारी एकाच बाजूने घेतली, आणि १९३१ च्या जर्मनीत, जमावाचा निवाडा रस्त्यावर उतरत असताना, हा फरक दाखवणे साधी गोष्ट नव्हती. नाझी राजवटीने १९३४ साली या चित्रपटावर बंदी घातली.

प्रश्न : चित्रपटात एकही खून प्रत्यक्ष दाखवलेला नाही, तरी पहिल्या दहा मिनिटांतच माझ्या अंगावर काटा आला. हे कशामुळे होते?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : ऐकू येणाऱ्या आणि न येणाऱ्या गोष्टींमुळे. हा लांग यांचा पहिला बोलपट, आणि आवाज हाती आल्यावर तो सतत वापरत राहण्याचा मोह त्यांनी टाळला. एल्सी ही लहान मुलगी शाळेतून परतलेली नाही. आई तिला हाका मारते, आणि त्या हाकांवर आपल्याला दिसतात ते रिकामा जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा ओसाड माळा, टेबलावरची न वापरलेली ताटली. मग झुडपाआडून घरंगळत आलेला चेंडू आणि विजेच्या तारांत अडकलेला फुगा. मुलीचे काय झाले हे कोणीच सांगत नाही, ते आपल्यालाच समजून घ्यावे लागते.

खुन्याची ओळखही आधी कानाने होते. बक्षिसाच्या जाहिरातीवर त्याची सावली पडते, ‘पीअर गिंट’ या नाटकाच्या संगीतातली एडवर्ड ग्रीग यांची धून शिळेवर ऐकू येते, आणि चेहरा बऱ्याच वेळाने दिसतो. लॉरे यांना शीळ घालता येत नसल्यामुळे ती खुद्द लांग यांनी घातली आहे. पुढे एका आंधळ्या माणसाने त्याला ओळखावे, यासाठी चित्रपटाने आपले कान सुरुवातीपासूनच तयार केलेले असतात. ज्यांना चित्रपटाच्या ध्वनीचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी सुरुवातीचे प्रसंग एकदा डोळे मिटून अवश्य ऐकावेत.

प्रश्न : ही ड्यूसेलडॉर्फमध्ये अनेक खून करणाऱ्या पीटर क्युर्टेनची सत्यकथा आहे का?
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : तशी नाही. क्युर्टेनवरचा खटला आणि चित्रपटाचे प्रदर्शन एकाच वसंत ऋतूत आल्यामुळे लोकांनी दोन्ही जोडले, आणि २ जुलै १९३१ रोजी क्युर्टेनला मृत्युदंड झाला. पण त्याच्या बळींत प्रौढ माणसेही होती आणि कथेतले शहर बर्लिन आहे. लोहमान यांच्यामागे मात्र खरा माणूस दिसतो. बर्लिनच्या खून तपास विभागाचे प्रमुख एर्न्स्ट गेनाट यांनी या कामाला शिस्त लावली, आणि क्युर्टेनविषयी १९३० मध्ये लिहिताना ‘मालिकेने खून करणारा’ या अर्थाचा जर्मन शब्द वापरला.

प्रश्न : पटकथाकार थेआ फॉन हार्बू यांचा बेळगावशी संबंध होता, असे ऐकले. खरे आहे का?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : होय. हार्बू तेव्हा लांग यांच्या पत्नी होत्या आणि ‘एम’ची पटकथा दोघांनी मिळून लिहिली. पुढे त्यांचे संबंध जुळले ते बेळगावजवळच्या बेळगुंदीचे आयी तेंडुलकर यांच्याशी; ते पत्रकार होते आणि त्या काळात जर्मनीत राहत होते. लांग आणि हार्बू यांचा घटस्फोट १९३३ मध्ये झाला, आणि त्यानंतर हार्बू यांनी तेंडुलकर यांच्याशी गुप्तपणे विवाह केला. लांग देश सोडून गेले, हार्बू मात्र नाझी राजवटीतही जर्मनीतच राहून चित्रपटांसाठी लिहीत राहिल्या. पुढे तेंडुलकर भारतात परतले आणि इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाहबद्ध झाले.