पाटाच्या मागच्या बाजूला

(पत्र थोडक्यात देत आहे.)

‘मॅडम, मुलगा बारावी सायन्सला आहे. दहावीला 91 टक्के होते. क्लासची दोन वर्षांची फी भरून झाली आहे. मे महिन्यात आम्ही सगळे भूतानला गेलो. थिंपूमध्ये गाईडने पारंपरिक कला शिकवणाऱ्या एका शाळेत नेलं. चाळीस मिनिटं दिली होती. मुलगा पूर्ण वेळ एकाच वर्गाच्या दारात उभा राहिला, तिथे लाकूड कोरायला शिकवत होते. परत आल्यापासून एकच धोशा आहे, मला हे शिकायचंय, बारावी सोडतो. तिथली मुलं मजेत रंगवत, कोरत बसलेली असतात, ना स्पर्धा ना टेन्शन. याला तसलं सोपं हवंय. परवा तर माझ्या वडिलांनी केलेल्या सागवानी पाटाच्या पाठीवर त्यांच्याच पटाशीने नक्षी कोरून ठेवली. पुरावा म्हणून फोटो पाठवतोय. माझे वडील सुतार होते. त्यांनी मला हत्याराला हात लावू दिला नाही, म्हणून आज मी कारखान्यात हत्यारं घडवणाऱ्या टूलरूममध्ये इंजिनिअर आहे. हे खूळ त्याच्या डोक्यातून कसं काढू?
– एक वडील, चिंचवड’

नमस्कार.

तुमचं मूळ पत्र चार पानांचं आहे. त्यात क्लासच्या फीचा उल्लेख पाच वेळा येतो. भूतानमध्ये माणशी रोज 1200 रुपये शुल्क भरावं लागलं, तेही येतं. पण मुलगा त्या दारात चाळीस मिनिटं उभा राहून नेमकं काय बघत होता, हे चार पानांत कुठेच नाही. विचारलंत का त्याला? ‘हे काय नवीन काढलंस’ असं नाही, ‘काय बघत होतास’ असं?

आणि मग शेवटच्या पानावर, जाता जाता लिहावी तशी ती ओळ. माझे वडील सुतार होते.

मी तिथेच अडकले. तुमची सगळी धास्ती त्या ओळीत आहे, आणि ती धास्ती खोटी आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. कारागिरांच्या घरातली बरीच मुलं माझ्यासमोर बसून गेली आहेत. पावसाळ्यात काम नाही, केलेल्या कामाचे पैसे ‘पुढच्या शनिवारी या’ म्हणून लांबणीवर, आणि ज्या घराचा देव्हारा आपल्या हाताने घडवला त्याच घरात चपलांपाशी बसून चहा. तुमच्या वडिलांच्या वाट्याला यातलं काय काय आलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण स्वतःच्या पोराला पटाशीला हात लावू न देणारा माणूस काहीतरी पुरेपूर भोगलेला असतो. त्यांची ती माया होती. फक्त माझा अंदाज असा की त्यांना लाकडाचा कंटाळा नव्हता, चपलांपाशी मिळणाऱ्या चहाचा होता. तुमच्यापर्यंत येताना ही दोन्ही एकच झाली. आणि आता मुलाने पटाशी उचलली की तुम्हाला पहिल्यांदा तो चहा दिसतो.

एरवी हस्तकलेचे गोडवे गाणाऱ्यांपैकी मी नाही, हेही सांगून टाकते. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला ‘आपला वारसा’ म्हणून भाषण ठोकणाऱ्यांची स्वतःची मुलं कुठे शिकतात ते मला चांगलं माहीत आहे.

आता ‘सोपं हवंय’ या तुमच्या वाक्याकडे येते, कारण त्यात एक मोठा गैरसमज आहे आणि गंमत म्हणजे तो तुमच्या मुलाचाही आहे. तुम्हाला तिथे सोपं दिसलं, त्याला मोकळं दिसलं. तिथे दोन्ही नाही. मी ती शाळा बघितली आहे. नॅशनल इन्स्टिट्यूट फॉर झोरिग चुसुम, स्थापना 1971 ची. चित्रकलेच्या वर्गात मुलं ‘मजेत रंगवत’ बसलेली दिसतात ती वरच्या वर्षांची. तिथवर पोचण्याआधी पेन्सिल, पट्टी आणि खोडरबर. बुद्धाचा चेहरा काढायचा तर आधी रेघांची जाळी आखायची. कपाळ किती भाग, नाक किती, कान कुठे संपतो, खांदा कुठे सुरू होतो, सगळं ठरलेलं. तेच चित्र काढायचं, खोडायचं, पुन्हा काढायचं, महिनोन्महिने. डोळा स्वतःच्या कल्पनेने जरा तिरका काढावा म्हटलं तर ती कल्पकता धरली जात नाही, चूक धरली जाते. चित्रकलेचा अभ्यासक्रम काही वर्षांचा आहे, आणि एवढं करून पूर्ण झालेल्या चित्रावर सही करायची परंपरा नाही. कोरीवकामातही ड्रॅगनच्या शेपटीला किती वळसे हे विद्यार्थी ठरवत नाही. तुमच्या चिरंजीवांना हे वाचून दाखवा. क्लासचं टेस्ट पेपरचं वेळापत्रक त्यापुढे त्यांना सहलीसारखं वाटेल.

त्या शाळेतली एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. झो म्हणजे घडवणं, रिग म्हणजे विद्या, चुसुम म्हणजे तेरा. त्या तेरांत देवांची चित्रं रंगवणं आहे आणि लोहारकामही आहे. मूर्ती आहे, तसं शिवणकाम, बांबूकाम, विणकाम, हाताने कागद करणं आहे. सुतारकाम आहेच. सतराव्या शतकाच्या अखेरीस, तेन्झिन रबग्ये नावाचे देसी म्हणजे कारभारी असताना, ही यादी पक्की झाली असं मानतात. एकाच यादीत, एकाच नावाखाली, सगळ्या विद्याच. आपल्याकडे अशी यादी केली असती तर पहिल्या तासाला भांडणं लागली असती, कोण कोणाच्या वर म्हणून.

आणि तिथली ही मुलं शिकून बाहेर पडली की उपाशी का मरत नाहीत, याचाही विचार करा. तुम्ही पारोला टायगर्स नेस्टचा डोंगर चढलात, फोटो पाठवलाय तुम्ही. तो मठ 1998 च्या एप्रिलमध्ये आगीत जळाला होता. तुम्ही जो बघितलात तो नंतर पुन्हा उभा केलेला, 2005 मध्ये पूर्ण झालेला. कोणी केला? याच विद्या शिकलेल्या हातांनी. तिथे नव्या इमारतींनाही पारंपरिक धाटणीच्या खिडक्या आणि नक्षी लागते, घराघरात देवघराची खोली असते, सरकारी कचेरीत पारंपरिक पोशाख सक्तीचा आहे. म्हणजे गिऱ्हाईक आहे. शाळेआधी गिऱ्हाईक असावं लागतं, आणि आपल्याकडचे कलाप्रेमी नेमके हेच विसरतात.

म्हणून मुलासाठी सरळ सांगते. ती शाळा भूतानच्या मुलांसाठी, भूतानच्या गरजेसाठी आहे. तिथे जायचा विचार सोड. बारावी सोडायची नाही, आणि यावर चर्चाही नाही, कारण पुढचं प्रत्येक दार बारावीची मार्कशीट मागतं. जेईई आणि सीईटी द्यायची की नाही ते तुम्ही बापलेक बसून ठरवा, त्या वाटा तुम्हाला माझ्याहून जास्त पाठ आहेत. डिझाइनच्या पदवीसाठी एनआयडी म्हणजे राष्ट्रीय डिझाइन संस्थेची आणि आयआयटीची यूसीड या प्रवेश परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होतात, अर्ज त्याआधी दोन-तीन महिने निघतात. मुंबईचं जे.जे. कलामहाविद्यालय 1857 पासून आहे, तिथे शिल्पकला, धातूकाम, सिरॅमिक आहे, प्रवेश परीक्षा द्यावी लागते. आणि लाकूडच हवं असेल तर जयपूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्राफ्ट्स अँड डिझाइनमध्ये लाकूड, धातू, दगड यांत पदवी करता येते.

पण एवढं सांगून मी थांबले तर तुमची धास्ती मी टाळली असं होईल. आपल्याकडे पदवी एका हातात असते आणि पटाशी दुसऱ्याच्या. डिझाइन शिकलेला मुलगा कागदावर खुर्ची काढतो, त्याचं नाव मासिकात येतं, आणि ती खुर्ची ज्याने तासली त्याला रोजंदारी मिळते. तुमच्या मुलाला या दोघांतलं कोण व्हायचंय हे त्यालाही ठाऊक नसणार. सतरा वर्षांच्या पोराला ते ठाऊक नसलं तरी चालतं, पण थिंपूच्या दारातून ते दिसणारही नाही. पर्यटक म्हणून दारातून बघितलेल्या कुठल्याच कामात हिशेब दिसत नाही.

त्यामुळे दिवाळीच्या सुट्टीत दोघांनी सावंतवाडीला जा. आईला घेऊन जाऊ नका, ती मध्यस्थी करत बसेल. राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कलाकार बसतात. दशावतारी गंजिफांचे 120 पत्ते, दहा अवतारांचे बारा बारा, प्रत्येक हाताने रंगवलेला. ते अर्धा तास बघा आणि मग चितार आळीत, लाकडी खेळणी करणाऱ्या चिताऱ्यांच्या गल्लीत, या. लाकडी फळं आणि खेळणी तुम्ही लहानपणापासून बघत आला असाल. पूर्वी ती पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची करत. एखाद्या कारखानदार चिताऱ्याला विनंती करून मुलाला दिवसभर बसू द्या, मोबाइल तुमच्या खिशात ठेवून. आणि संध्याकाळी मुलाने स्वतः तीन गोष्टी विचारायच्या. महिन्याला हातात किती उरतात. लाकूड कुठून आणता आणि केवढ्याला. तुमची मुलं हेच करणार का. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देताना समोरच्याचा चेहरा तुम्हीही बघा. मुलगा तिथून परत आल्यावरही पटाशी उचलणार असेल तर मला पुन्हा लिहा, मग आपण जयपूरबद्दल नीट बोलू. नाही उचलली तर क्लासची फी वाया गेली नाही म्हणून तुम्हाला बरं वाटेल आणि मला राग येणार नाही.

राहिला तुमचा पुरावा. फोटो मी मोठा करून बघितला. कमळ आहे, आठ पाकळ्यांचं. पहिल्या तीन पाकळ्यांच्या कडेला कपच्या निघाल्या आहेत, कारण तो लाकडाच्या रेषेच्या उलट गेला. चौथ्या पाकळीपासून त्याने पाट फिरवून घेतलाय. तिथून पुढे कडा स्वच्छ आहेत. हे त्याला कोणी सांगितलेलं नाही, निदान तुम्ही तरी नाही. आणि कोरलंय पाठीमागे, जिथे बसणाऱ्याला दिसणार नाही. आजोबांचा पाट खराब करायचा असता तर पुढची बाजू होती की.

एक गोष्ट मात्र तातडीची आहे. ती पटाशी बोथट आहे. आडव्या रेषेवर लाकूड कापलं गेलेलं नाही, चिरडलं गेलंय. बोथट हत्याराला जोर लावावा लागतो आणि हात घसरतो तो अशाच वेळी, डावा पंजा समोर असताना. धार कशी लावायची, दगडावर कोन कसा सांभाळायचा, हे टूलरूममध्ये इतकी वर्षं काढलेल्या माणसाला मी सांगायला नको. या रविवारी तेवढं दाखवा त्याला.