आठवीतल्या मुलांना कॉलेज दाखवायचंय

प्रश्न : जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. निम्मे पालक ऊसतोडीला जातात, घरात दहावीपुढं कुणी शिकलेलं नाही. सातवी-आठवीच्या मुलांना एकदा कॉलेज दाखवून आणावं म्हणते. कुठं न्यावं, कसं न्यावं?
– एक शिक्षिका

उत्तर : ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये न्या. दिवाळीच्या सुमारास टोळ्या बाहेर पडल्या की निम्मा वर्ग रिकामा होतो. रविवार किंवा सुट्टी नको; बंद वर्ग आणि कुलूपबंद प्रयोगशाळा पाहून मुलांना काय कळणार? सांगलीत विश्रामबागला विलिंग्डन आणि वालचंद ही दोन्ही कॉलेजं जवळजवळ आहेत. एकात बी.ए., बी.एस्सी. कशाला म्हणतात ते दिसेल, दुसऱ्यात इंजिनिअरिंग. प्राचार्यांना महिनाभर आधी पत्र द्या. मुलं पंचवीस-तीसच असावीत, त्याहून जास्त झाली की प्रयोगशाळेत मागच्यांना नुसत्या पाठी दिसतात.

अशा भेटी बहुतेकदा सभागृहात फसतात. तासभर भाषण, मग फोटो, मग बिस्किटं. भाषण नकोच, असं पत्रातच नम्रपणे लिहा. त्याऐवजी तुमच्याच भागातून आलेले दोन-तीन विद्यार्थी मागा, त्यात एक मुलगी हवीच. मुलं खरं काय ते त्यांनाच विचारतात : खोलीत किती जणी राहता? मेसचे किती पडतात? इंग्रजी जमत नव्हतं तेव्हा काय केलंस? वसतिगृह दाखवल्याशिवाय परतू नका. जमल्यास चार-पाच आयांना सोबत घ्या. मुलीला बाहेर ठेवायचं की नाही, हे शेवटी घरातच ठरतं.

परत आल्यावरचं काम जास्त किचकट आहे. आठवीत एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्ती परीक्षेला बसवा. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. मात्र नववीला मूल खासगी विनाअनुदानित शाळेत गेलं की शिष्यवृत्ती थांबते, हे पालकांना आधीच सांगा.

दुसरं, जातीचा दाखला. बारावीनंतर प्रवेशाच्या ऐन गर्दीत मुलं अडतात ती इथं, कारण जात पडताळणीला, म्हणजे दाखला खरा आहे का या सरकारी तपासणीला, घराण्याच्या जातीचा जुना पुरावा लागतो : अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबा शाळेतच गेले नसतील तर शाळेची नोंद कुठून आणणार? मग तहसील कार्यालयात कोतवाल बुकातली, म्हणजे गावच्या जुन्या नोंदवहीतली, जन्म-मृत्यूची नोंद शोधावी लागते. त्यात महिने जातात, म्हणून आठवीतच सुरुवात करा. आणि आताच शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव, आडनाव आणि जातीचा रकाना तपासून घ्या. मूल शाळेत असेपर्यंत तिथली चूक दुरुस्त करणं त्यातल्या त्यात सोपं असतं.