ऑफिसनं दिलेली लग्नाची तारीख

"कायद्यानं लग्न मान्य केलं, मग आता ऑफिसच्या सवलतींसाठी लग्न करावंच लागेल का?" परदेशात राहणारी समलिंगी जोडपी मला हे बरेचदा विचारतात. तेव्हा २०१६ सालची एक मुलगी आठवते. ओळख पटू नये एवढे तपशील बदललेत.

मूळची कोल्हापूरची, नोकरी टेक्ससमध्ये. व्हिडिओ कॉल लागला तशी म्हणाली, "मॅडम, ऑफिसनं माझं लग्न ठरवलंय."

आठ वर्षं ती जोडीदारणीबरोबर राहत होती. जोडीदारीण घरून चित्रांची कामं करायची. तिला दमा, म्हणून आरोग्य विमा हिच्या कंपनीतून. लग्न शक्यच नव्हतं तेव्हा कंपनीनं 'डोमेस्टिक पार्टनर', म्हणजे लग्नाविना एकत्र राहणारी जोडीदार, म्हणून नाव लावून घेतलं होतं. २६ जून २०१५ ला अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टानं देशभर समलिंगी विवाह मान्य केला आणि मग बऱ्याच कंपन्यांनी ही वेगळी सोय गुंडाळली. हिला पत्र आलं: १ जानेवारीपासून विमा फक्त कायदेशीर पती-पत्नीला.

तिनं पगाराची स्लिप कॅमेऱ्यासमोर धरली. एका ओळीवर बोट ठेवलं: 'इम्प्युटेड इन्कम'. जोडीदारणीच्या विम्यापोटी कंपनी भरत असलेली रक्कम हिचं उत्पन्न धरून त्यावर कर कापला जायचा. शेजारच्या टेबलावरच्याच्या बायकोसाठी तो कापत नव्हते. "दर पगाराला ही ओळ वाचते मी," ती म्हणाली.

लग्नानंतर ती ओळ जाणार होती. जोडीदार गंभीर आजारी पडली तर पात्र नोकरदाराला मिळणारी १२ आठवड्यांची बिनपगारी रजा मिळणार होती. निवृत्तीच्या '४०१ के' फंडावर पहिला हक्क आपोआप पत्नीचा होणार होता. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाच्या १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात समलिंगी जोडप्यांना लग्नाचा हक्क मिळाला नाही, त्यामुळे जोडीदाराला मेडिक्लेममध्ये घ्यायचं की नाही हे आजही कंपनीच्या मर्जीवर आहे. तिथं निदान कायदा पाठीशी होता.

पण ती रडत होती ती पैशासाठी नाही. "आईला न सांगता सही करू?"

मी तिला दोन्ही गोष्टी वेगळ्या करायला लावल्या. सही कौंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, कचेरीत होते. परवाना मिळाल्यावर ७२ तासांनी लग्न लावता येतं. कोल्हापूरला कुणी पत्र धाडत नाही. आईला कधी सांगायचं ती तारीख एचआरनं ठरवायची नाही. आणि विम्यासाठी लग्न कर, असं मी कुणालाच सांगत नाही. उद्या पटलं नाही तर रीतसर घटस्फोट, मिळकतीची वाटणी, सगळं येतं. "विमा बाजूला ठेवला तर करशील?" असं विचारलं. ती लगेच म्हणाली, "केव्हाच केलं असतं."

डिसेंबरात दोघींनी सह्या केल्या. विम्यात नाव घालायला लग्नापासून ३० दिवस होते. हिनं दुसऱ्याच दिवशी दाखला पाठवला.

आईला तिनं मे महिन्यात सांगितलं. आई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. नवरा गेल्यावर नावातल्या एका अक्षराच्या फरकापायी फॅमिली पेन्शनसाठी वर्षभर हेलपाटे घातलेली बाई. दोन आठवडे ती फोनवर आलीच नाही. मग एका रात्री तिचाच फोन आला.

"तुमच्या त्या फंडावर तिचं नाव लागलं का गं? स्पेलिंग बघून घे नीट."