रस्त्याच्या कामावर इंटर्नशिप: रोलर फिरायच्या आधी काय बघायचं

तुझा प्रश्न थोडक्यात असा: सिव्हिलचं तिसरं वर्ष संपतंय, मे महिन्यात सहा आठवडे रस्त्याच्या कामावर तपासणीसाठी जायची संधी आहे, पण सीनिअर म्हणतात, 'नुसतं उन्हात उभं करतात.' मग त्यापेक्षा घरी बसून सॉफ्टवेअर शिकू का?

जा. सॉफ्टवेअर जुलैत शिक. आपल्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस लागला की डांबराचं काम थांबतंच. म्हणून एप्रिल-मेमध्ये सगळ्यांची घाई असते आणि माती, खडी, डांबर असे सगळे थर तुला महिन्याभरात एकाच पट्ट्यात बघायला मिळतात. पावसाळ्यात त्याच साईटवर फक्त खड्डे आणि पत्रव्यवहार.

उन्हात उभं करतात हे मात्र खरं. पण कुठे उभं राहायचं हे तुझ्या हातात असतं. तपासणी म्हणजे एखादी गोष्ट झाकली जायच्या आधी ती बघून ठेवणं. सबग्रेडवर (सगळ्यात खालचा, दाबलेल्या मातीचा थर) जीएसबी (त्यावरचा खडी-मुरुमाचा थर) पडलं की सबग्रेड गेली. त्यावर वेट मिक्स (पाणी घालून कालवलेली खडी) पडलं की जीएसबी गेलं. तेव्हा सकाळी पोचल्यावर पहिला प्रश्न हा विचार: आज काय झाकलं जाणार आहे? दिवसभर तिथेच थांब.

पहिल्या आठवड्यात तुला बहुधा सँड रिप्लेसमेंट टेस्टला, म्हणजे थर किती घट्ट दाबलाय ते वाळूने मोजायला, बसवतील. इंटर्नला ती कंटाळवाणी वाटते, मला मात्र सगळ्यात जास्त तिनेच शिकवलं. थरात खड्डा करायचा, निघालेली सगळी माती कणही न सांडता वजन करायची, मग सिलिंडरमधली, घनता आधीच मोजलेली वाळू त्यात सोडून किती लागली त्यावरून खड्ड्याचं घनफळ काढायचं. सबग्रेडला प्रयोगशाळेतल्या कमाल घनतेच्या 97 टक्के हवेत, जीएसबी आणि वेट मिक्सला 98. हे पुस्तकात आहे. पुस्तकात न ठसणारी गोष्ट अशी की वाळू पडत असताना शेजारून रोलर गेला तर हादऱ्याने वाळू जास्त बसते. वाळू जास्त लागली म्हणजे खड्डा मोठा, आणि थराची घनता आहे त्यापेक्षा कमी दिसते. रोलरवाल्याला दोन मिनिटं थांबवायचं धाडस इंटर्नला होत नाही. कर. आणि वाळूचा डबा झाकून ठेव. आपल्या दमट हवेत उघडी वाळू ओल धरते आणि मग तिची घनता तुझ्या हिशोबातली राहत नाही. जांभ्या मातीतले मोठे गोटे नेमके खड्ड्यात आले तर जागा बदल, पण बदलली असं वहीत लिही.

आता डांबर, म्हणजे आपलं हॉटमिक्सिंग. व्हीजी-30 प्रतीच्या डांबराचा माल पसरताना किमान 140 अंश हवा आणि दाबण्याचं काम 90 च्या खाली यायच्या आत संपायला हवं. व्हीजी-40 असेल तर 150 आणि 100. थर्मामीटर टिपरमधल्या मालाच्या वरच्या सालीत नको, आत खोल खुपस आणि काटा स्थिर होईपर्यंत थांब. ताडपत्री होती का, टिपर प्लांटवरून किती वाजता निघाला, हेही लिही. त्याआधी टॅक कोट बघ, म्हणजे नवा थर खालच्याला चिकटावा म्हणून फवारतात तो. इमल्शन (पाण्यात मिसळलेलं डांबर) फवारल्यावर तपकिरी दिसतं, पाणी सुटलं की काळं होतं. तपकिरी असताना माल पसरायला घेतला तर साहेबांना हाक मार.

इथे माझीच एक गोष्ट सांगते. मी इंटर्न होते तेव्हा एक टिपर ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा आला. थर्मामीटरवर 121. मुकादम म्हणाला, "बाये, तो मीटर बिघडलाय, 145 लिही." पेव्हर (माल पसरणारं यंत्र) थांबलेला, मागे दोन टिपर, सगळे माझ्याकडे बघत होते. मी 145 लिहिलं. चवथीला त्याच रस्त्याने गावी जाताना बघितलं, त्या पट्ट्यातली खडी सुटून कडेला साचली होती, पुढचा-मागचा रस्ता मात्र ठीक. कारण तेवढं एकच होतं असं छातीठोक म्हणत नाही, पण रजिस्टरमध्ये शोधलं तर तिथे काहीच सापडणार नाही, कारण आकडा माझ्या अक्षरात बरोबर आहे.

म्हणून स्वतःची वेगळी वही ठेव. चेनेज (रस्त्याच्या सुरुवातीपासूनचं अंतर), वेळ, आकडा, हवा. मत नको. माल परत पाठवायचा अधिकार तुझा नाही, तो ज्युनियर इंजिनिअरचा. पण 121 दिसलं तर 121 लिहिणं तुझंच काम.

बाकीचं पटकन सांगते. कॉलेजचं पत्र घेऊन सार्वजनिक बांधकाम खात्याच्या तुझ्या भागातल्या कार्यकारी अभियंत्याकडे जा, किंवा महामार्गाच्या कामावरच्या कन्सल्टंटकडे. ठेकेदाराच्या लॅबमध्येही शिकायला मिळतं, तिथे चाचण्या जास्त हाताळायला देतात. मानधन धरून चालू नकोस. बूट चांगले घे, सेफ्टी जॅकेट घातल्याशिवाय रस्त्यावर उतरू नकोस आणि मागे येणाऱ्या टिपरच्या पाठी कधीही उभी राहू नकोस. ड्रायव्हरला तू दिसत नाहीस. गरम डांबर हातावर उडालं तर बराच वेळ थंड पाणी सोड, चिकटलेलं डांबर ओढून काढू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. साईटवर मुलगी एकटी असते तेव्हा टॉयलेटचं काय, हे पहिल्याच दिवशी विचारून घे, लाजू नकोस. मी लाजले आणि दोन आठवडे पाणी कमी पीत राहिले, मे महिन्यात!

सबमिशन झाल्यावर एक काम उरतं. जुलैत धो-धो पाऊस असेल तेव्हा स्कूटर काढून तुझ्या पट्ट्यावर जा. आपल्या पावसासाठी डांबरी रस्त्याला 2.5 टक्के कँबर देतात, म्हणजे मध्यापासून साडेतीन मीटरवरच्या कडेला साधारण 87 मिलिमीटर उतार. पाणी कडेला जातंय की मध्येच तळं झालंय ते बघ, कडेला गेलेल्या पाण्याला गटार आहे का तेही बघ, आणि वहीतलं त्या चेनेजचं पान उघड. छत्री घेऊन जा, वही भिजते.