मुलाच्या दाखल्यावर पोलिसांचा डाग लागेल का?

"मन्हा पोऱ्याले पोलीस लई जातीन का हो ताई? तेना दाखलावर डाग लागी का?" चोपडा तालुक्यातल्या एका आईचा हा प्रश्न. शाळेतली मारामारी पोलिसांपर्यंत गेली की बहुतेक पालक हेच विचारतात. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.)

मुलगा नववीतला, गावाहून एसटीने ये-जा करणारा. शाळा सुटल्यावर स्टँडवर जागेवरून बाचाबाची झाली आणि त्याने स्टीलची बाटली वर्गमित्राला मारली. भुवईला टाके पडले. ग्रामीण रुग्णालयातून पोलिसांना कळवलं गेलं. इथवर सगळं रीतीप्रमाणे झालं. दुसऱ्या दिवशी मात्र मुख्याध्यापकांनी हवालदाराला वर्गात बोलावून सगळ्या मुलांसमोर त्याला दम द्यायला लावला: "पुन्हा केलंस तर आत टाकीन." मुलाने शाळा सोडली. वडील त्याला कापूस वेचायला नेऊ लागले.

मी आधी आईची भीती घालवली. १८ वर्षांखालच्या मुलासाठी २०१५ चा बाल न्याय कायदा आहे. ज्या गुन्ह्याला किमान ७ वर्षं शिक्षा आहे असा अतिगंभीर गुन्हा असेल, किंवा मोठ्या माणसांसोबत मिळून केलेला असेल, तरच एफआयआर होतो. एरवी पोलीस स्टेशन डायरीत नोंद घेतात, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार करतात आणि तो अशा मुलांची प्रकरणं ऐकणाऱ्या बाल न्याय मंडळाकडे पाठवतात. मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत. प्रकरण चालू असो की निकाली निघालेलं, चारित्र्याच्या दाखल्यासाठी पोलिसांनी ती माहिती द्यायची नसते. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर पोलीस काहीच लिहीत नाहीत. तिथला 'वर्तणूक' हा रकाना शाळाच भरते. म्हणून माझं पुढचं बोलणं मुख्याध्यापकांशी होतं.

प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. मुख्याध्यापकांसोबतच्या आमच्या बैठकीला ते साध्या कपड्यात आले. जखमी मुलाचे वडील संतापलेले होते आणि त्यांचा राग रास्तच होता. तक्रार दाबली जाणार नाही, अहवाल मंडळाकडे जाणारच, असं त्या अधिकाऱ्यांनी त्यांना नीट समजावलं. त्यानंतरच ते दुसऱ्या बाजूचं ऐकायला तयार झाले.

मग वर्गशिक्षिका बोलल्या. या मुलाचे वडील दारू पितात म्हणून स्टँडवर त्याला रोज डिवचलं जायचं, आणि त्या दिवशी जागा हे फक्त निमित्त झालं. हे स्टेशन डायरीत कधीच आलं नसतं. माझं ठाम मत आहे: मुलं का भांडतात ते शोधणं, दोन्ही घरांना त्याच दिवशी कळवणं, जबाब लिहून ठेवणं, डिवचणाऱ्यांशी बोलणं हे शाळेचं काम आहे. ते खाकीच्या धाकावर ढकललं तर मूल शाळेलाच घाबरू लागतं.

उलटही घडतं, आणि ते जास्त घातक. लैंगिक त्रासाची कुणकुण लागली की काही शाळा "आधी आमची चौकशी होऊ द्या" म्हणत वेळ काढतात. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी बाब पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. हाताखालच्या माणसाने केलेला असा गुन्हा संस्थाप्रमुखाने न कळवल्यास १ वर्षापर्यंत कैद होऊ शकते. तिथे नाव खराब होण्याचा विचार करूच नये.

मुख्याध्यापकांनी वडिलांना स्वतः फोन केला. बस येईपर्यंत स्टँडवर एक शिक्षक थांबू लागले. दिवाळीनंतर मुलगा वर्गात आला. पहिले काही आठवडे तो मधल्या सुटीतही बाकावरून उठत नव्हता.

मंडळापुढे जायची वेळ आली तर शाळेकडून जन्मतारखेचा दाखला घ्या, वय ठरवताना तोच आधी पाहतात. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील मोफत मिळतो. आणि मुलासोबत आई-वडील दोघांनीही जा.