गोव्यात खरंच मोठा तलाव आहे का, आणि असला तरी त्याचा उपयोग काय?

धरणांचे जलाशय सोडले तर मोठा असा नाही. मये, करमळी ही तळी सुंदर आहेत पण छोटी. मोठं पाणी बघायचं तर सांगे तालुक्यात साळावली धरणाचा जलाशय, साधारण २४ चौरस किलोमीटर पसरलेला, साठा सुमारे २३४ दशलक्ष घनमीटर. आम्ही मडगावचे लोक रोज तेच पाणी पितो.

आता उपयोग काय ते. लोकांना वाटतं गोव्यात एवढा पाऊस पडतो, एवढ्या नद्या, मग पाण्याची काय कमी? पण आमच्या नद्या लहान, डोंगरातून निघून लगेच समुद्राला मिळणाऱ्या, आणि उन्हाळ्यात भरतीचं खारं पाणी झुआरी नदीत पार आतपर्यंत चढतं, ते ना पिता येतं ना शेताला देता येतं. म्हणजे पावसाळ्याच्या चार महिन्यांचं गोडं पाणी कुठेतरी अडवून ठेवल्याशिवाय मे महिना निघतच नाही. साळावली नेमकं तेच काम करतं. शेळपेच्या प्लांटमध्ये शुद्ध होऊन ते पाणी सासष्टी, मुरगाव, केपे, सांगे अशा तालुक्यांत जातं, म्हणजे मडगावची हॉटेलं, वास्कोची वस्ती सगळं त्यावरच, शिवाय कालव्यांवर वायंगणी (उन्हाळी) भात नि भाजी होते. दक्षिण गोव्याची निम्मी कमाई या एका तळ्यावर टिकून आहे असं मी तरी म्हणेन.

पावसात धरण भरलं की सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, बघायला गर्दी होते. घोड्याच्या नालासारख्या गोल भिंतीवरून पाणी बाहेरच्या बाजूला न पडता आत, मधल्या खड्ड्यात कोसळतं, आवाजात शेजारचा काय बोलतो ते कळत नाही. जवळच कुर्डी गावचं जुनं महादेवाचं देऊळ आहे, ते धरणात बुडू नये म्हणून दगड न् दगड सुटा करून इथे आणून पुन्हा उभं केलंय, ते बघितल्याशिवाय परत फिरू नका.

कुर्डी म्हणजे गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव, तेच या पाण्याखाली आहे. मे महिन्यात पाणी उतरलं की घरांची जोती, विहिरी वर येतात आणि गावकरी सोमेश्वराच्या उत्सवाला तिथे जमतात. त्या लोकांना वाडे आणि वालकिणी या गावांत जागा दिली. मला सगळ्यात जास्त लागतं ते हे, की ज्यांनी आम्हाला पाणी मिळावं म्हणून गाव सोडला त्यांच्याच वाड्यांवर उन्हाळ्यात विहिरी आटून टँकरची वाट बघायची पाळी आलेली आहे.