सीटी स्कॅन नॉर्मल, मग हे असे का वागतात?

(ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

दुचाकी घसरून डोक्याला मार लागला, काही दिवस आयसीयू, मग घर. हातपाय चालतात, बोलणं स्पष्ट, नंतरचा सीटी स्कॅनही स्वच्छ. तरी पाच महिन्यांनी चाळिशीतले हे गृहस्थ सकाळी पलंगावर नुसते बसून राहतात. आंघोळीला जा म्हटलं की 'हो' म्हणतात, उठत नाहीत. संध्याकाळी मात्र किरकोळ कारणावरून ताट भिरकावतात. पत्नीचा प्रश्न होता, "हे मुद्दाम करतात का?" सासूबाईंचं उत्तर तयार होतं, "तू सारखी टोकतेस म्हणून."

मुद्दाम नाही. काम सुरू करणं आणि राग आवरणं ही कामं मुख्यतः कपाळामागचा मेंदू करतो आणि अपघाताच्या हिसक्यात नेमका तोच भाग कवटीच्या आतल्या खडबडीत हाडावर घासतो. मेंदूतले बारीक तंतूही ताणले जातात; ती इजा सीटीत बहुधा दिसत नाही. म्हणून रिपोर्ट पाहून वागण्याचा निवाडा करू नये. 'मला काही झालेलंच नाही' हे त्यांचं पालुपदसुद्धा हट्ट नसून इजेचाच भाग असू शकतं.

पहिल्या भेटीत पत्नीला एक वही करायला सांगितली: राग केव्हा आला, आधी काय चाललं होतं, किती वेळ टिकला, कशाने शमला. दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट झालं. बहुतेक भडके संध्याकाळी सात ते साडेआठमधले. टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, मुलीचं पाठांतर, विचारपूस करायला आलेले पाहुणे, सगळं एकदम. दमलेल्या मेंदूला नको ते आवाज गाळता येत नाहीत. मग दुपारी अर्धा तास अंधाऱ्या खोलीत, मोबाइलशिवाय विश्रांती. जेवताना टीव्ही बंद. पाहुणे सकाळी, एका वेळी दोघेच, वीस मिनिटं. (पाहुण्यांना हे सांगायचं काम सासूबाईंनी घेतलं आणि फार चोख केलं.)

सकाळसाठी 'आंघोळ करणार का?' हा प्रश्नच बंद केला. टॉवेल हातात द्यायचा, "चला, पाणी काढलंय" एवढंच म्हणायचं आणि मनात दहा आकडे मोजायचे. घरोघरी इथेच बिघडतं: तिसऱ्या आकड्याला तेच वाक्य चढ्या आवाजात येतं आणि त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. औषधं आणि फिरणं यांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात फोनच्या अलार्मला लावल्या. टोकणारी बायको त्यातून सुटली.

राग चढल्यावर समजावणं व्यर्थ. "मी दहा मिनिटांनी येते" हे एकच ठरलेलं वाक्य बोलून मुलीला घेऊन बाजूला व्हायचं. विषय दुसऱ्या दिवशी सकाळी. हात उगारला तर मात्र सोसत बसू नये. आधी घराबाहेर सुरक्षित जागी जावं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावं.

एक गोष्ट हटकून विचारावी: फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटाम हे औषध चालू आहे का? काही रुग्णांत त्यानेच चिडचिड वाढते. गोळी स्वतःहून थांबवायची नाही, फिट येऊ शकते. वही घेऊन न्यूरॉलॉजिस्टकडे जायचं. इथे औषध बदललं आणि फरक पडला. थकवा व शरीरसंबंधातली अनिच्छा खूपच असेल तर हार्मोनच्या तपासण्यांबद्दलही विचारावं. मेंदूच्या तळाशी असलेल्या, हार्मोन सांभाळणाऱ्या पिट्युटरी ग्रंथीलाही मार बसलेला असू शकतो.

तिसऱ्या भेटीत पत्नी म्हणाल्या, "मी त्यांची आई झालेय." व्यायाम आणि आंघोळ ही कामं आठवड्यातून तीन दिवस दिराकडे गेली. रविवारी तासभर दोघंच बाहेर, औषधांचा विषय वर्ज्य.

सुधारणेचा वेग पहिल्या सहा महिन्यांत जास्त असतो, पुढे मंदावतो, पण वर्षा-दोन वर्षांनंतरही ती थांबतेच असं नाही. नोकरीवर जाताना आधी अर्धा दिवस, एकच काम, शांत टेबल. दुचाकीच्या किल्लीवरून भांडू नका. डॉक्टरांकडून 'सध्या गाडी नको' असं कागदावर लिहून घ्या आणि तो कागद किल्लीच्या खिळ्याला लावा.